साऱ्याची विमानं आणि व्यवस्थापनाची शाळा

लंडनच्या हेंडन भागातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातलं एक बाँबफेकी विमान जपून ठेवलं आहे. डी. एच. ९ ए हा त्याचा प्रकार आणि एफ १०१० हा क्रमांक. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, त्यांना ताणून धरणाऱ्या तारा, वैमानिकाला आणि निरीक्षकाला उघड्यावर बसायला दोन जागा. विमानाच्या अंगावर इंग्रजीत मजकूर आहे : हैदराबादच्या निजामांकडून भेट, हैदराबाद क्रमांक १२ ए. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी हे विमान जर्मनीवरच्या मोहिमेत पाडलं गेलं आणि आतले दोघेही कैद झाले. जर्मनांनी ते बर्लिनला प्रदर्शनात मांडलं. पुढे ते पोलंडमध्ये पोचलं आणि १९७७ साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात इंग्लंडला परत आलं.

असं विमान एकच नव्हतं. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सुरुवातीची डी. एच. ९ ए विमानं निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून आली होती. म्हणून तिचं नाव ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ पडलं. दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडलं. १९३९ साली नव्यानं उभी राहिलेली १५२ क्रमांकाची स्क्वाड्रनही हैदराबादच्या नावानं ओळखली जाऊ लागली. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत ती स्पिटफायर घेऊन लढली. तिच्या बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण होतं आणि ब्रीदाचा अर्थ होता ‘विश्वासू मित्र’.

हा पैसा कुठला? हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते आणि त्यांतले पाच मराठी मुलखाचे : औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि बीड. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार शेतसारा होता. देणगी सरकारी खजिन्यातून गेली की निजामाच्या खासगीतून, हा दरबारच्या चोपड्यांचा प्रश्न झाला. तो खजिना भरत होता शेतकरी. बालाघाटाच्या माथ्यावरच्या हलक्या जमिनीत ज्वारी-बाजरी काढणारा आणि गोदाकाठच्या काळ्या रानात कापूस वेचणारा बीडचा कुणबी त्या भरणाऱ्यांतला एक होता. त्यानं विमान पाहिलेलं नव्हतं.

ज्या १९१८ साली ती विमानं फ्रान्सच्या धावपट्टीवरून उडत होती, त्याच साली निजामानं उस्मानिया विद्यापीठ स्थापन केलं. तिथलं शिक्षणाचं माध्यम उर्दू ठरलं. बीडच्या मराठी मुलाला आपल्या मुलखात विद्यापीठ मिळायला आणखी ४० वर्षं लागली. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. विमानासाठी पैसा आधी गेला आणि शिक्षण फार उशिरा आलं. हवाई दलातून निवृत्त होऊन व्यवस्थापन शिकवायला उभ्या राहणाऱ्या माणसांची वाट समजून घ्यायची, तर बीडपुरती सुरुवात इथून करावी लागते.

पुण्या-मुंबईच्या व्यवस्थापन संस्थांत नावाआधी विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन लावणारे शिक्षक आता नवलाचे राहिलेले नाहीत. तरी ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की लढाऊ विमान आणि ताळेबंद यांचा संबंध काय? इतिहासात शिरलं की तो प्रश्नच उलटा होतो. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातला बराच मोठा भाग विमानतळांवर आणि विमानांच्या कारखान्यांतच जन्माला आला आहे.

बीडला फौज नवी नव्हती. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला, ते गाव आज गेवराई तालुक्यात आहे. अंबाजोगाईचं निजामी नाव मोमिनाबाद. तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात चालणारी ही फौज १९०३ साली ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली. तिच्या पायदळाच्या परंपरेतून पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली. १९४५ साली तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. या रेजिमेंटच्या सहाव्या बटालियनचं नेतृत्व दुसऱ्या महायुद्धात करणारा एक अधिकारी या कथेत लवकरच पुन्हा भेटेल.

त्याच मोमिनाबादेत १९३० च्या दशकात दुसरी एक तालीम सुरू होती. योगेश्वरी नूतन विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते आणि बाबासाहेब परांजपे त्यांच्यासोबत होते. उर्दूच्या राज्यात मराठी मुलांना राष्ट्रीय शिक्षण देणारी ही शाळा हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांचं घर झाली. ज्या गावानं घोडदळाचे तबेले पाहिले, तिथं मुलखाचं भवितव्य वर्गात घडू लागलं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा चारही बाजूंनी संस्थानात शिरल्या. दोन-दोन स्क्वाड्रनला विमानं पुरवणाऱ्या निजामाकडे स्वतःचं हवाई दल नव्हतं. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या उड्डाणांनी शस्त्रं आणून देत होता आणि ती बिदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत होती. भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी त्या धावपट्ट्याच निकामी केल्या. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. बीड मोकळं झालं, तरी १९५६ पर्यंत त्याची राजधानी हैदराबादच राहिली. त्यामुळे त्या शहरात पुढे जे घडलं, ते बीडच्या इतिहासातही मोजायला हवं.

घडलं असं, की निजामाची राजधानी दोन गोष्टींचं केंद्र झाली. एक होती विमानं आणि दुसरी व्यवस्थापन. बेगमपेठचा विमानतळ आधीपासून होता. १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेली डेक्कन एअरवेज तिथूनच डाकोटा विमानं उडवत होती आणि १९५३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. हकीमपेठला लढाऊ वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. १९७१ पासून दुंडिगलच्या अकादमीत हवाई दलाचे अधिकारी घडू लागले.

व्यवस्थापनाचं काम १९५६ साली सुरू झालं. इंग्लंडमधल्या हेन्ली इथल्या संस्थेच्या धर्तीवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया ही संस्था हैदराबादला स्थापन झाली. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम निघायला अजून पाच वर्षं होती. संस्थेला जागा मिळाली ‘बेला व्हिस्टा’ या राजवाड्यात, म्हणजे निजामाच्या थोरल्या मुलाच्या निवासात. आणि पहिले प्राचार्य म्हणून आले जनरल सत्यवंत मल्लाण्णा श्रीनागेश.

श्रीनागेश यांचा जन्म १९०३ सालचा, कोल्हापूरचा. वडील हैदराबादेत डॉक्टर होते आणि निजामाच्या दरबारी वैद्यांत त्यांचं नाव होतं. मुलगा सँडहर्स्टला शिकून १९२३ साली फौजेत अधिकारी झाला. दुसऱ्या महायुद्धात १९ व्या हैदराबाद रेजिमेंटच्या सहाव्या बटालियनचं नेतृत्व त्यानंच केलं. १९५५ ते १९५७ या काळात ते भारताचे लष्करप्रमुख होते. त्या पदावरून उतरल्यावर त्यांनी थेट कारखान्यांचे व्यवस्थापक, बँकांचे आणि सरकारी खात्यांचे अधिकारी यांना शिकवणाऱ्या संस्थेची सूत्रं हाती घेतली. १९५९ पर्यंत ते तिथं होते. नंतर ते आसाम, आंध्र प्रदेश आणि म्हैसूरचे राज्यपाल झाले. ही दोन-अडीच वर्षं चरित्रात एका ओळीत उरकली जातात. पण गणवेश उतरवून व्यवस्थापनाच्या वर्गात जाणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांच्या वाटेवरचं हे पहिलं मोठं पाऊल होतं.

त्या संस्थेची पद्धतही लक्ष देऊन पाहण्याजोगी होती. तिथं व्यासपीठावरून व्याख्यान झोडणं कमी होतं. सरकारी, सार्वजनिक आणि खासगी अशा निरनिराळ्या क्षेत्रांतल्या दहाएक जणांचा गट करायचा. त्याला एक प्रश्न द्यायचा, अध्यक्ष आणि चिटणीस गटातूनच निवडायचा, वाद घालायचा आणि ठरलेल्या वेळेत लेखी अहवाल सगळ्यांसमोर मांडायचा. पुढच्या प्रश्नाला अध्यक्ष दुसरा. स्टाफ कॉलेजातून गेलेल्या कुठल्याही फौजी अधिकाऱ्याला ही रीत ओळखीची वाटावी, कारण हेन्लीनं संस्थेचं नावच मुळी लष्करी स्टाफ कॉलेजवरून घेतलं होतं.

श्रीनागेश पायदळाचे. आकाशातून आलेल्यांचा वाटा वेगळा आहे आणि तो विषयाच्या गाभ्यातच आहे.

थिओडोर राइट हा अमेरिकेतल्या कर्टिस-राइट या विमान कंपनीतला अभियंता. १९३६ साली त्यानं विमानाच्या किमतीवर एक निबंध छापला. बांधलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली, की एका विमानामागे लागणारे सरासरी श्रम आधीच्या ८० टक्क्यांवर येतात, असं त्याला हिशेबातून दिसलं. पहिल्या विमानाला १,००० तास लागले, तर दोन विमानांची सरासरी ८०० तास, चारांची ६४० आणि आठांची ५१२. हात बसत जातो, चुका कमी होतात, अवजारं जागच्या जागी येतात. आज जगातला प्रत्येक व्यवस्थापनाचा विद्यार्थी हाच ‘लर्निंग कर्व्ह’ आलेखावर काढतो. महाराष्ट्रात तो आलेख नाशिकजवळच्या ओझरला प्रत्यक्ष कामाला आला. तिथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्याचा पाया १९६४ साली मिग-२१ साठी घातला गेला आणि पुढे तिथंच सुखोई-३० एमकेआय जोडली जाऊ लागली.

दुसरी देणगी चेकलिस्टची. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं २९९ क्रमांकाचं नवं बाँबर विमान चाचणीसाठी उडालं. ते चढत गेलं, थबकलं आणि कोसळलं. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचा चाचणी वैमानिक लेस टॉवर दगावले. यंत्रात दोष नव्हता. जमिनीवर असताना वाऱ्यानं शेपटीचे पंख हलू नयेत म्हणून लावलेली खीळ उडण्याआधी काढायची राहिली होती. विमान एका माणसाच्या स्मरणशक्तीला झेपेनासं झालं होतं. मग वैमानिकांनी उड्डाणाआधी, उड्डाणात आणि उतरताना करायच्या गोष्टींची यादी कागदावर घातली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येनं बांधलं गेलं. ती यादी आज शस्त्रक्रियागृहापासून बँकेच्या शाखेपर्यंत सगळीकडे पोचली आहे.

तिसरी गोष्ट माणसांची. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना, अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टननं ती झटकली आणि विमान पुढे काढलं. १९७९ साली नासानं या विषयावर कार्यशाळा भरवली. वरिष्ठाला कनिष्ठानं कसं टोकावं आणि वरिष्ठानं ते कसं ऐकावं, हा शिकवण्याचा विषय झाला. नागरी कंपन्यांनी आणि हवाई दलांनी तो उचलला, मग व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात तो आला.

दुसऱ्या महायुद्धात तर व्यवस्थापनाची शाळा आणि हवाई दल एकमेकांत मिसळूनच गेले. रॉबर्ट मॅकनामारा हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत शिकवत होता. अमेरिकेच्या हवाई दलानं किती विमानं, किती सुटे भाग, किती माणसं कुठं आहेत हे आकड्यांत बांधण्यासाठी एक सांख्यिकी विभाग उघडला आणि त्याच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण हार्वर्डला ठेवलं. मॅकनामारा १९४३ साली त्या दलात दाखल झाला. लढाई संपल्यावर १९४६ साली त्या विभागातले दहा जण एकगठ्ठा फोर्ड मोटर कंपनीत गेले आणि तोट्यात चाललेली कंपनी त्यांनी आकड्यांच्या शिस्तीवर आणली. व्यवस्थापनाच्या वर्गात खेळले जाणारे व्यवसाय-खेळही असेच आले. १९५५ साली रँड संस्थेनं अमेरिकी हवाई दलाच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर ‘मोनोपोलॉग्ज’ हा खेळ बसवला आणि त्यानंतर लगेच कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी तसे खेळ निघाले.

म्हणजे निवृत्त वैमानिक व्यवस्थापन शिकवायला येतो, तेव्हा तो परक्या घरी येत नाही. वर्गात जे पुस्तकातून शिकवतात, ते त्यानं उमेदीच्या वर्षांत रोज केलेलं असतं.

भारतात या वाटेला सरकारी चौकट मिळाली ती पुन्हा हैदराबादच्याच परिसरात. १९७० साली सिकंदराबादला इन्स्टिट्यूट ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट सुरू झाली. १९८० पासून ती कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट म्हणून ओळखली जाते. तिथं सेना, नौदल आणि हवाई दल या तिन्हींचे अधिकारी एकत्र शिकतात आणि शिकवतातही, आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला उस्मानिया विद्यापीठाची व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी मिळते. १९१८ साली ज्या निजामानं विमानं दिली आणि विद्यापीठ काढलं, त्याच्या विद्यापीठाची पदवी आता विमान उडवणाऱ्यांना व्यवस्थापनासाठी मिळू लागली.

महाराष्ट्रात मुंबईचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ साली आणि पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग १९७१ साली निघाला. डॉ. शां. ब. मुजुमदार यांच्या सिम्बायोसिसनं १९७८ साली व्यवस्थापन संस्था काढली आणि १९९३ साली खडकीच्या छावणीत सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज सुरू केली, ती खास संरक्षण दलातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी. पुण्यात लोहगावचा हवाई तळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या वसाहती शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे ही वाट पुण्यातच सर्वांत रुळली.

निवृत्तीचं गणितही तिला कारण आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेतलेला अधिकारी १४ वर्षांनी बाहेर पडतो, म्हणजे चाळिशीही गाठलेली नसते. २०२२ पूर्वी भरती झालेल्या वायुसैनिकाची पहिली मुदत २० वर्षांची होती, तोही चाळिशीच्या आसपास मोकळा होतो. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचे सहा महिन्यांचे अभ्यासक्रम नामांकित संस्थांतून चालवतं, आयआयएम अहमदाबादचा त्यांत समावेश आहे. बहुतेक जण तिथून कंपन्यांत जातात. काही जणांना तिथल्या वर्गातच आपली पुढची वाट दिसते.

वाट सोपी नसते. हुकूम देण्याची सवय असलेल्याला वर्गात पटवून द्यावं लागतं. विद्यार्थी उठून उभा राहत नाही, उलट प्रश्न विचारतो आणि विचारायलाच हवा. हवाई दलात नफा हा शब्द नसतो, तिथं मोजमाप सज्जतेचं. विपणन आणि वित्त हे विषय नव्यानं, विद्यार्थ्याच्या बाकावर बसून शिकावे लागतात. नियमित प्राध्यापकपदासाठी नेट किंवा पीएच. डी. लागते आणि ती पन्नाशीत करणं म्हणजे दुसऱ्यांदा भरती होण्याइतकं कष्टाचं काम.

पण जो टिकतो, तो वर्गात एक गोष्ट हमखास आणतो, ती म्हणजे डीब्रीफिंग. प्रत्येक उड्डाणानंतर वैमानिक खोलीत बसून काय ठरलं होतं, काय झालं आणि फरक का पडला हे क्रमानं मांडतात. त्या खोलीत चूक सांगताना हुद्दा आडवा येऊ द्यायचा नसतो. चूक लपवली, तर पुढच्या उड्डाणात तीच कुणाचा तरी जीव घेऊ शकते. परीक्षेतल्या गुणांच्या भीतीनं चूक दडवायला शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना याहून मोलाचं काही क्वचितच मिळत असेल.

हवाई दलातून येणारे सगळे वैमानिक नसतात, आणि बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं. विमानाची निगा राखणारा वायुसैनिक तंत्रज्ञ अवजारांच्या शिस्तीत वाढलेला असतो. हँगरमध्ये भिंतीवर एक फळा असतो. त्यावर प्रत्येक पान्ह्याची, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरची बाह्याकृती रंगवलेली असते. काम संपलं, की अवजार आपल्या आकृतीवर परत लागतं. एक जागा जरी रिकामी दिसली, तरी ते अवजार सापडेपर्यंत विमान उडत नाही, कारण आत राहिलेला एक पान्हा इंजिन फोडू शकतो. कारखान्याच्या व्यवस्थापनात हीच शिस्त जपानी नावांनी शिकवली जाते. ती हातानं पाळलेला माणूस गावात पेन्शन घेत बसलेला असतो आणि त्याला कुणी वर्गात बोलावत नाही.

मराठवाड्यातून माणसं हवाई दलात जातच नाहीत, हा समज आता मागे पडायला हवा. महाराष्ट्र सरकारनं १९६१ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या सैनिकी शाळेनंतर १९७७ साली औरंगाबादला सेवापूर्व शिक्षण संस्था काढली, ती मराठी मुलं प्रबोधिनीत जावीत म्हणूनच. २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलप्रमुख असलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यातलं हस्तरा. जो मुलूख निजामाच्या देणगीतून दुसऱ्यांची विमानं उडवत होता, त्याचाच मुलगा देशाच्या हवाई दलाच्या सर्वोच्च पदावर बसला.

बीड शहराला आज विमानतळ नाही. रेल्वेसुद्धा जिल्ह्याच्या मुख्यालयात अहिल्यानगरहून पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी. पण व्यवस्थापनाचे प्रश्न या जिल्ह्यात पुण्याहून कमी नाहीत, उलट अधिक अवघड आहेत.

ऊसतोडीचंच घ्या. दसरा-दिवाळी झाली, की पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी इथली गावं ओस पडू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम कोयत्यांची टोळी बांधतो, कारखान्याकडून उचल घेतो आणि वाटतो. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फड ठरलेला असतो. ऊस तोडला, की त्यातली साखर उतरू लागते, म्हणून तो लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे. कुठल्या दिवशी कोणता फड, किती टोळ्या, किती गाड्या, गाडी कारखान्याच्या दारात किती वेळ उभी, हे सगळं नियोजन चुकलं, तर त्याची किंमत रात्री-अपरात्री थंडीत मोळ्या चढवणारी बाई देते. उचलीचा हिशेब फिटत नाही आणि पुढच्या हंगामाची कर्जबाजारी हमी आधीच लिहिली जाते. पुरवठा, वेळापत्रक, जोखीम, आगाऊ रक्कम आणि माणसाची सुरक्षा हे सगळे विषय एका फडात सापडतात. हवाई तळावर दिवसाची उड्डाणं, इंधन आणि दुरुस्ती यांचा मेळ घालणाऱ्याला हे कोडं वाचता येतं. मुख्य म्हणजे अपघात शून्यावर आणायची जिद्द त्याच्या अंगात असते, आणि तोडणीच्या धंद्याला तिची नितांत गरज आहे.

बालाघाटाच्या सीताफळाचंही तसंच आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळ पिकलं की दोन-तीन दिवसांत हातचं जातं. डोंगरातल्या वाडीपासून मुंबईच्या बाजारापर्यंत ते कधी, कशात आणि कुणाच्या जबाबदारीवर न्यायचं, हा पुरवठा साखळीचा अस्सल धडा आहे. पाठ्यपुस्तकात त्या जागी परदेशी कंपनीचं उदाहरण असतं.

दार उघडण्याची सोयही झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेल्या तज्ज्ञाला पीएच. डी. नसतानाही विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवता येतं. अशी पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत भरता येतात आणि मुदत साधारण तीन वर्षांची, फार तर चार. ज्या क्षेत्रांची नावं आयोगानं घेतली, त्यांत सशस्त्र दलं आहेत. बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते. कोण कोणत्या शाखेत होता, पुरवठ्यात की देखभालीत, हे तिथून कळू शकतं. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव इथल्या महाविद्यालयांनी वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वर्गासाठी त्या नोंदवहीतून माणसं शोधावीत. पदावर नेमता आलं नाही, तर एका सत्राच्या व्याख्यानमालेला तरी बोलवावं, आणि पहिला अभ्यास-प्रकल्प म्हणून येत्या गळीत हंगामातली एक टोळी फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत मोजायला विद्यार्थ्यांना त्यांच्याबरोबर पाठवावं.